सामायिक पानांचा हिशेब: एक्सव्ही६ मधल्या संदर्भमोजणीच्या नोंदी

३ जून २०२४

ठरलं एकदाचं. एक्सव्ही६ चं फोर्क, म्हणजे चालू प्रोग्रामची (प्रोसेसची) दुसरी प्रत काढण्याचं काम, बदलायचं.

एक्सव्ही६ हे एमआयटीने २००६ साली विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं छोटं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सवर बेतलेलं, आता रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर चालतं. सगळा कोड एका माणसाच्या डोक्यात मावतो, म्हणून मला ते आवडतं. दिवसभर नोकरीत ज्या कर्नलशी गाठ असते, त्याचा एक कोपरासुद्धा कधी पूर्ण दिसत नाही.

आज काय होतं ते लिहून ठेवतो. शेलमध्ये, म्हणजे कमांड घेणाऱ्या प्रोग्राममध्ये, एखादी कमांड दिली की शेल फोर्क करतो. शेलच्या मेमरीचं पानन् पान नव्या प्रोसेससाठी कॉपी होतं. पुढच्याच क्षणी ती नवी प्रोसेस एक्झेक करते, म्हणजे स्वतःच्या जागी दुसरा प्रोग्राम चढवते, आणि नुकत्याच काढलेल्या सगळ्या प्रती टाकून देते. ४०९६ बाइटांचं एकेक पान उतरवून काढायचं आणि न वाचताच फाडायचं, असा सगळा मामला.

त्याऐवजी फोर्कच्या वेळी काहीच कॉपी करायचं नाही. पालक आणि मूल (जुनी आणि नवी प्रोसेस) दोघांच्या पेज टेबलात, म्हणजे प्रोसेसचा कोणता पत्ता कोणत्या भौतिक पानावर जातो त्या तक्त्यात, तीच पानं दाखवायची, दोघांचीही लिहिण्याची परवानगी काढून घ्यायची, आणि जो लिहायला जाईल त्याला तेव्हा स्वतंत्र प्रत द्यायची. युक्ती जुनीच आहे, पीडीपी-१० वरच्या टेनेक्समध्ये सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच होती.

पण पान सामायिक झालं की केफ्रीचं, म्हणजे पान परत घेणाऱ्या फंक्शनचं, काम बदलतं. आजवर 'मला हे पान नको' आणि 'हे पान कोणालाच नको' या दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच होता. उद्यापासून तो एक राहणार नाही, आणि मधला फरक कुठेतरी लिहून ठेवावा लागेल: पानाला किती धनी आहेत हा आकडा, म्हणजेच संदर्भमोजणी. माझ्या मते या प्रकल्पाचा जीव त्यातच आहे. प्रत काढण्याचा भाग त्यामानाने सोपा वाटतो.

४ जून

धाकटी बहीण सुट्टीला आली आहे. कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला गेली, ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर नुकताच झालाय. म्हणाली, "दादा, मी पण बसते. पेपरात संदर्भमोजणीवर पाच मार्कांची टीप लिहिली, पण चालताना कधी बघितली नाही." बरंच झालं.

मोजणी ठेवायची कुठे, यावर संध्याकाळ गेली. एक्सव्ही६ ला क्यूईएमयू हे आभासी यंत्र १२८ एमबी मेमरी देतो, म्हणजे ३२,७६८ पानं. भौतिक पत्त्यातून मेमरीचा सुरुवातीचा पत्ता वजा करायचा, ४०९६ ने भागायचं, आला पानाचा क्रमांक. तेव्हा सरळ एक ॲरे, प्रत्येक पानाला एक खण. खण चार बाइटांचा केला तर १२८ केबी, म्हणजे ३२ पानं या हिशेबातच अडकतात. एका बाइटाचा केला तर ८ पानांत भागतं.

बहीण म्हणाली एक बाइट पुरेल. कारण एक्सव्ही६ मध्ये एका वेळी जास्तीत जास्त ६४ प्रोसेस, आणि एकाच प्रोसेसमध्ये तेच पान दोनदा दिसत नाही. तर्क बिनचूक आहे. तरी मी चार बाइटांवर अडून बसलो. रिस्क-फाइव्हच्या मूळ अणुसूचना, म्हणजे ज्या मध्ये खंड न पडता वाचून-बदलून-लिहितात त्या, चार किंवा आठ बाइटांवरच चालतात, बाइटावर नाही. लागतील की नाही हे आज ठाऊक नाही, पण दार बंद करायला नको.

कोणाकोणाची मोजणी ठेवायची याचीही यादी केली. केॲलॉककडून, म्हणजे पान देणाऱ्या फंक्शनकडून, फक्त प्रोसेसची मेमरी जात नाही. पेज टेबलाची स्वतःची पानं, ट्रॅपफ्रेम (कर्नलमध्ये शिरताना प्रोसेसचे रजिस्टर जपणारं पान), कर्नल स्टॅक, पाइपची (दोन प्रोसेसमधल्या डेटाच्या नळीची) रचना, सगळं तिथूनच येतं. यांची मोजणी कायम १ राहील आणि केफ्रीला फरक पडणार नाही. ट्रॅम्पोलिन, म्हणजे कर्नलमध्ये ये-जा करण्याचा छोटा कोड, मात्र सगळ्यांच्या पेज टेबलात असूनही कर्नलच्या स्वतःच्या कोडचा भाग आहे, केॲलॉकचा त्याच्याशी संबंध नाही. त्याला हिशेबाबाहेर ठेवायचं.

५ जून

केॲलॉक देताना खण १ करतो. केफ्री खणातून एक वजा करतो आणि शून्य झालं तरच पान मोकळ्या यादीत टाकतो. लिहिलं, चालवलं, कर्नल सुरूसुद्धा होईना.

कारण दहा मिनिटांत सापडलं. कर्नल उठताना सगळी मोकळी मेमरी यादीत भरतो, आणि ते भरणंही केफ्रीलाच बोलावून होतं. तेव्हा खण ० असतो, वजा केला की उणे एक. मी ऋण आकड्यावर पॅनिक (कर्नल जागीच थांबवणारी हाक) लावून ठेवला होता, तो लागला. भरताना आधी खण १ करून मग केफ्री बोलावला. जो देतोय त्याच्या हातात आधी ते पान असायला हवं, एवढाच याचा अर्थ.

७ जून

फोर्कमध्ये पानं कॉपी करणारं यूव्हीएमकॉपी बदललं. पानासाठी नवीन जागा मागत नाही, मुलाच्या पेज टेबलात तोच भौतिक पत्ता टाकतो, मोजणी एकने वाढवतो. पीटीईमधले, म्हणजे पेज टेबलातल्या एका नोंदीतले, दोन बिट, आठवा आणि नववा, रिस्क-फाइव्हने सॉफ्टवेअरसाठी मोकळे सोडले आहेत. आठवा 'लिहिल्यावर प्रत' अशी खूण म्हणून घेतला.

इथे एक चूक होता होता वाचली, बहिणीमुळे. मी सरसकट सगळ्या पानांवर ही खूण लावत होतो. ती म्हणाली, "प्रोग्रामचं कोडचं पान आधीपासूनच फक्त वाचायचं असतं ना? त्यावर खूण लावलीस तर पुढे कोणी लिहायला गेलं की तू त्याला लिहिता येणारी प्रत काढून देशील." खरंच की! परवानगी नव्हती आणि परवानगी काढून घेतली, या दोन वेगळ्या गोष्टी. खूण फक्त अशाच पानांवर, ज्यांच्यावर फोर्कपूर्वी लिहिता येत होतं. लगेच एक छोटा प्रोग्राम लिहिला: फोर्क करून मुलाने पत्ता ० वर, म्हणजे स्वतःच्या कोडवर, लिहायचं. कर्नलने त्याला मारायला हवं. मारलं.

यूजरट्रॅपमध्ये, म्हणजे प्रोसेस अडली की कर्नल जिथे येतो तिथे, कारण क्रमांक १५ आला, म्हणजे लिहिताना पेज फॉल्ट (पेज टेबलाने अडवलं), की पत्ता बघायचा, खूण असेल तर नवं पान घ्यायचं, मजकूर उतरवायचा, जुन्याला केफ्री, नव्याला लिहिण्याची परवानगी. मेमरी शिल्लक नसेल तर त्या प्रोसेसला मारायचं, दुसरा इलाज नाही.

पालकाची परवानगी काढल्यावर टीएलबीमधली (प्रोसेसर पेज टेबलाच्या नोंदी हाताशी ठेवतो त्या जागेतली) जुनी नोंद पुसायला हवी का, यावर बराच वेळ गेला. एक्सव्ही६ मध्ये यूजर मोडला परत जाताना ट्रॅम्पोलिनमध्येच टीएलबी पुसला जातो आणि एका प्रोसेसला एकच धागा (थ्रेड) असतो, म्हणून इथे निभावतं. ज्या कर्नलमध्ये एका प्रोसेसचे चार धागे चार सीपीयूंवर पळतात, तिथे हे गृहीत धरलं तर माती होईल.

८ जून

एक्सव्ही६ च्या कोर्ससोबत मिळणारी काउटेस्ट ही चाचणी चालवली. पहिला भाग भौतिक मेमरीचा दोन तृतीयांश भाग स्वतःकडे घेतो आणि मग फोर्क करतो. जुन्या कर्नलमध्ये हे होणंच शक्य नव्हतं, प्रत ठेवायला जागाच उरत नाही. आज फोर्क झालं. खोलीत दोघंच होतो, पण टाळ्या वाजवल्या.

फाइलचा भाग मात्र पडला. मुलाने पाइपमधून वाचलं आणि चुकीचा आकडा आला. इथे फॉल्ट येतच नाही, हे लक्षात यायला वेळ लागला. रीड कॉलमध्ये लिहिणारी प्रोसेस नसते, कर्नल स्वतः लिहितो. प्रोसेसच्या मेमरीत डेटा उतरवणारं कॉपीआउट पत्ता शोधून थेट भौतिक पानावर लिहितं, पेज टेबलातली परवानगी बघतच नाही. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. कॉपीआउटमध्येही तीच तपासणी, तेच प्रत काढणं घातलं. तिथे वॉकला, म्हणजे पेज टेबलात पत्ता शोधणाऱ्या फंक्शनला, बोलावण्याआधी पत्ता कमाल मर्यादेच्या आत आहे ना हे बघणं भाग आहे, नाहीतर वॉक थेट पॅनिक करतो. यूजरटेस्ट्स या एक्सव्ही६ च्याच चाचण्या मुद्दाम सगळे बिट १ असलेला पत्ता देऊन बघतात.

आता काउटेस्ट पूर्ण पास.

१० जून

काल रात्री काउटेस्ट लूपमध्ये लावून झोपलो होतो. सकाळी बघतो तर कर्नल मेलेला. कारण क्रमांक १३, म्हणजे वाचताना पेज फॉल्ट, आणि तोही कर्नलमध्ये, केॲलॉकच्या आत. ज्या पत्त्यावर वाचायला गेला तो सोळाच्या पायात असा: ०५०५०५०५०५०५०५०५.

परत लावलं. कधी वीस फेऱ्यांत मरतं, कधी शंभर फेऱ्या सुरळीत. एका सीपीयूवर चालवलं तर मरतच नाही. तीनवर मरतं.

११ जून

हा दिवस सविस्तर लिहून ठेवायचाय.

०५ कुठून आलं हे आधी कळलं. केॲलॉक पान देण्यापूर्वी ते ५ या बाइटाने भरतो आणि केफ्री परत घेताना १ ने भरतो. कचरा मुद्दाम भरलेला, जुन्या पानाला कोणी चुकून चिकटून राहिलं तर ताबडतोब उघडं पडावं म्हणून. ज्याने हे ठेवलं त्याचे मनापासून आभार. ते नसतं तर महिनाभर शोधत बसलो असतो.

मोकळ्या पानांची यादी पानांच्या आतच असते. पानाचे पहिले आठ बाइट म्हणजे पुढच्या मोकळ्या पानाचा पत्ता. आता समजा एकच पान, त्याला 'प' म्हणू, लागोपाठ दोनदा केफ्री झालं. पहिल्यांदा 'प' यादीच्या तोंडाशी बसतं. दुसऱ्यांदा 'प' चा पुढचा दुवा म्हणून यादीचं तोंड लिहिलं जातं, आणि तोंडाशी तर 'प' च आहे. 'प' स्वतःकडेच बोट दाखवतं, बाकीची सगळी यादी हरवली.

मग कोणीतरी फोर्क करतं. वहीत एकेक पाऊल लिहून बघितलं. नव्या प्रोसेसची ट्रॅपफ्रेम: केॲलॉक 'प' देतो, यादीचं तोंड पुन्हा 'प', आणि पान ५ ने भरलं जातं. लगेच पेज टेबलाचं मूळ पान: पुन्हा 'प', आणि या वेळी पुढचा दुवा वाचला तर तिथे आठ बाइट ०५. यादीचं तोंड आता ०५०५०५०५०५०५०५०५. तिसरी मागणी, ट्रॅम्पोलिन जोडताना पेज टेबलाच्या मधल्या पानाची: केॲलॉक त्या पत्त्यावर वाचायला जातो आणि कोसळतो. पॅनिकमधला पत्ता आणि वहीतला पत्ता तंतोतंत जुळला.

म्हणजे एक पान दोनदा मोकळं होतंय. मोजणी असताना?

माझं केफ्री असं होतं: लॉक घे (म्हणजे तोवर दुसरा सीपीयू थांबेल), खणातून एक वजा कर, लॉक सोड. मग खण बघ, शून्यापेक्षा जास्त असेल तर परत जा, नाहीतर पान यादीत टाक. मी हा कोड वीस वेळा वाचला असेन. लॉक आहे, वजाबाकी लॉकच्या आत आहे, सगळं बरोबर दिसत होतं. बहिणीने पडद्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "दादा, वजा करून झाल्यावर तू परत का बघतोस? मधल्या वेळात तो आकडा तुझा राहिला का?"

नेमकी इथेच मेख. पानाचे धनी दोघं, खण २. दोघंही वेगवेगळ्या सीपीयूवर एकाच वेळी लिहायला जातात, दोघांनाही प्रत मिळते, दोघंही जुनं पान सोडतात. पहिल्याने वजा केलं, १ झाले, लॉक सोडलं. दुसऱ्याने वजा केलं, ० झाले, लॉक सोडलं. आता पहिला खण बघतो: ०. दुसरा बघतो: ०. दोघांनाही वाटतं शेवटचा मीच. दोघंही पान यादीत टाकतात.

सातबाऱ्यावरून सामायिक खातेदाराचं नाव कमी होतं तेव्हा मागे उरलेली नावं तरी वाचता येतात. इथे नावं नाहीत, फक्त किती उरले हा आकडा. म्हणून आकडा कमी करणारा आणि 'शेवटचा कोण' हे ठरवणारा क्षण एकच असायला हवा. लॉकच्या आत वजा केल्यावर हाती आलेली किंमत स्थानिक व्हेरिएबलमध्ये उतरवली आणि निर्णय फक्त तिच्यावर घेतला. खणाकडे पुन्हा वळून बघायचं नाही.

दोन ओळी बदलल्या. रात्री पुन्हा लूप.

१२ जून

रात्रभर चाललं. एकदाही पडलं नाही.

पण 'पडलं नाही' हा पुरावा नव्हे, शर्यत (दोन सीपीयूंच्या वेळेची चढाओढ) सापडायला नशीब लागतं. म्हणून जुनं केफ्री परत आणून लॉक सोडणं आणि खण बघणं यांच्यामध्ये मुद्दाम एक रिकामा लूप टाकला. लगेच मरायला लागलं. तोच रिकामा लूप नव्या कोडमध्ये तसाच ठेवून चालवला. तासभर काही नाही. आता माझा विश्वास बसला.

१५ जून

लॉकच्या जागी अणुसूचना वापरली, चार बाइटांचा हट्ट कामी आला. ती वजाबाकी करते आणि जुनी किंमत हातात देते. जुनी किंमत १ मिळाली तो शेवटचा, आणि ती एकालाच मिळू शकते. कंपायलरने खरंच ती एकच सूचना वापरली आहे ना, हे असेंब्लीच्या फाइलमध्ये जाऊन पाहिलं.

शिवाय एक सुधारणा. फॉल्ट आला आणि खण १ असेल तर प्रत कशाला? दुसरा धनी आधीच निघून गेलाय, तेच पान लिहिण्यायोग्य करून टाकायचं. बहिणीने विचारलं, लॉक न घेता १ वाचला आणि पुढच्या क्षणी कोणी २ केला तर? यावर चहा झाला. उत्तर असं सापडलं: मोजणी वाढवायची तर ते पान आधी हातात असावं लागतं. खण १ आणि पान माझ्याकडे, म्हणजे वाढवू शकणारा मीच, आणि मी तर फॉल्टमध्ये अडकलोय. म्हणून १ हा आकडा स्थिर आहे. २ स्थिर नाही, पण २ दिसला तर मी प्रत काढतो. फार तर एक प्रत फुकट जाईल.

क्रम मात्र पाळायचा. आधी मजकूर उतरवायचा, मग जुनं पान सोडायचं. उलट केलं तर मी सोडल्याक्षणी दुसऱ्याला खण १ दिसतो, तो जागेवरच लिहायला लागतो, आणि मी अर्धं जुनं, अर्धं नवं असं काहीतरी उतरवून घेतो. हा क्रम आमच्या कोडमध्ये योगायोगाने आधीपासून बरोबर होता. आता वर टिप्पणी लिहिली, म्हणजे पुढे कोणी हलवणार नाही.

१६ जून

लिनक्समध्ये हे कसं आहे ते वाचत बसलो. तिथे प्रत्येक पानाला दोन मोजण्या असतात. एक, किती पेज टेबलांत जोडलंय. दुसरी, एकूण कितीजणांनी धरून ठेवलंय. डिस्कवर लिहिणं चालू असेल, एखादं उपकरण थेट मेमरीत लिहीत असेल, तर पेज टेबलाशी संबंध नसतानाही पान धरलेलं असतं. माझा कालचा '१ स्थिर आहे' हा युक्तिवाद तिथे टिकणार नाही, कर्नलचाच दुसरा कोपरा क्षणभरासाठी पान धरू शकतो. २०२० साली त्यांनी फॉल्टच्या वेळी एकूण मोजणी बघून निर्णय घ्यायला सुरुवात केली. त्यातून धरून ठेवलेल्या पानांचे नवे प्रश्न आले, आणि २०२२ मध्ये 'हे पान फक्त याचंच' अशी स्वतंत्र खूण आणावी लागली.

२०१९ मध्ये आणखी एक दोष दुरुस्त झाला. सुमारे १४० जीबी मेमरी असलेल्या यंत्रावर पानाची मोजणी इतकी वाढवता येत होती की बत्तीस बिटांचा आकडा उलटून जाईल. उलटला की वापरात असलेलं पान मोकळं समजलं जातं. आपल्याकडे ६४ च्या वर जातच नाही, म्हणून हे निवांत वाचलं.

१८ जून

यूजरटेस्ट्स सुरुवातीला मोकळी पानं मोजतात, शेवटी पुन्हा मोजतात, आणि कमी भरली तर तसं सांगतात. हिशेबाचा ताळाच तो. आमची काही पानं कमी भरली.

गळती यूव्हीएमकॉपीत होती. मी मोजणी आधी वाढवत होतो आणि मुलाच्या टेबलात नंतर जोडत होतो. मेमरी संपत आलेली असताना जोडणंच फसलं, कारण पेज टेबलाच्या पानालाही जागा लागते, तर आधीची जोडलेली पानं सोडवली जातात, पण हे अर्धवट पान त्यांत येत नाही. त्याची वाढलेली मोजणी तशीच राहते. धनी कोणी नाही, आकडा मात्र सांगतो एक आहे. जोडणं यशस्वी झाल्यावरच वाढवायची असं केलं. पालक त्या वेळी फोर्कमध्येच असल्यामुळे मधल्या क्षणात पान निसटण्याची भीती नाही.

ताळा जुळला.

२२ जून

बहीण उद्या परत जाणार. तिने एक नवं काम काढलंय: सबर्कने (प्रोसेसने जादा मेमरी मागण्याचा कॉल) मेमरी मागितली की शून्यांनी भरलेलं एकच पान सगळ्यांना दाखवायचं, लिहायला जातील तेव्हा प्रत. यंत्रणा तयारच आहे, केॲलॉकच्या वेळी खणात आलेला १ हा कर्नलचा स्वतःचा कायमचा संदर्भ म्हणून धरून ठेवायचा, म्हणजे ते कधी मोकळं होणार नाही.

पण मग एकाच प्रोसेसमध्ये तेच पान हजारो वेळा दिसणार, आणि ६४ ची मर्यादा गेली. एका बाइटाचा खण पहिल्या एमबीतच उलटला असता, एका एमबीला २५६ पानं. चार बाइट तरी पुरतील का? तिने वहीत मांडलं: प्रत्येक संदर्भाला एक पीटीई लागते, पेज टेबलाच्या एका पानात ५१२ पीटीई मावतात, आणि यंत्रात पानंच ३२,७६८. सगळीच्या सगळी पानं पेज टेबलालाच दिली तरी १,६७,७७,२१६. बत्तीस बिटांच्या खणात हे आरामात बसतं.

हा आकडा ॲरेच्या वर टिप्पणीत लिहिला आहे. शून्याच्या पानाची शाखा उघडली, पहिली कमिट तिच्या नावाने.